डिशच्या तोंडावरचं ओलं पोतं

बायको जाऊन वर्ष होईल आता. हल्ली टीव्हीच्या रिमोटवरचं एक बटण दाबलं की आज काय लागणार ते सगळं पुढ्यात येतं. मी ते बटण दाबत नाही.

एके काळी ती यादी सांभाळायचं कामच माझ्याकडं होतं. अंथुर्ण्यात केबलच्या कंट्रोल रूमवर मी राखणीला होतो. शिक्षण चौथी. एका चॅनेलवर दिवसभर नुसती यादी सरकायची, कुठं काय, किती वाजता. लोकांना वाटायचं, मीच बसून लिहितो. ती यायची उपग्रहावरून. स्लॅबवर तिच्यापुरती वेगळी डिश, तिथनं वायर खाली कॉम्प्युटरला. यादी एकदम येत नसे, थोडी थोडी यायची.

एका उन्हाळ्यात ती दुपारची अडकायला लागली. मालक म्हणाला, "तापतंय ते वरचं." आणि गेला बारामतीला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पोतं भिजवलं आणि डिशच्या तोंडाशी असतो त्या डब्याला गुंडाळलं. माठाला गुंडाळतो तसं. वर तांब्या तांब्या पाणी मारत राहिलो.

त्याच दिवशी टीव्हीवर सासऱ्याचं भजन लागणार होतं. वडगाव निंबाळकरचं मंडळ, पखवाजावर सासरा. शूटिंग झालं आणि महिन्यात म्हातारा गेला. त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता घरात.

दुपारी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा बायकोनं विचारलं, "अवो, नीट बघून सांगा, किती वाजता हाय?"

"सात."

"चुकायचं न्हाय ना?"

"वरनं येती यादी. चुकंल कशाला? जा तू खुरपायला."

साडेचारला सहज बघितलं, तर यादीत स्वयंपाक आणि चॅनेलवर कुस्ती. दुसरं चॅनेल लावलं, तेही जुळेना. काल आलेलीच यादी फिरत होती; ओल्या पोत्यानं वरनं येणारी नवी अडवली होती. बंद पडली असती तर कळलं तरी असतं.

स्लॅबवर पळालो, पोतं ओढून फेकलं. खाली येऊन भजनाचं चॅनेल लावलं, तर तिथं बातम्या. म्हणजे अजून लागलं नव्हतं. पण लागणार कधी? यादी भरायला लागली, एकेक ओळ. आमची ओळ काही येईना. आली तेव्हा भजनापुढं पाच होते आणि घड्याळात पाचला दहा कमी.

कंट्रोल रूम उघडीच टाकली, सायकल काढली. बायको कॅनॉलच्या कडेला उसात. लांबूनच ओरडलो, "चल! बा लागला तुझा!" खुरपं हातात घेऊनच मागं बसली.

घरी टीव्ही लावला तर शेवटचा अभंग. सासऱ्याचा चेहरा एकदाच आला. मग नुसते हात, पखवाजावर. मग जाहिरात.

ती तशीच उभी. मी सगळं सांगितलं, पोत्यासकट. लपवायची सवय नाही मला.

मग म्हणाली, "मशीनला ताप आला म्हणून घडी घातली व्हय? शाने हायसा." आणि चार दिवस बोलली नाही.

गेल्या साली तिला ताप उतरेना. मी उशाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत होतो. डोळे मिटूनच म्हणाली, "काढा ते. माजा बा दिसायचा न्हाय."

मी काढलं.