रेडिओनं गाळलेलं वाक्य
कान तुटलेला कप दिसला की मला सौंसरजवळच्या आमच्या गावातली ती संध्याकाळ आठवते. रेडिओवर दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेत त्या वर्षी माझी मावशी बोलणार होती, आमच्या वस्तीतली पहिलीच. भाषण आधीच रेकॉर्ड झालं होतं, पण "टपरीवर आमचा कप अजून वेगळा ठेवतात" हे वाक्य रेडिओ केंद्रातल्या साहेबांना खटकलं होतं. ते राहतं की जातं, याचीच सगळ्यांना धास्ती होती. विहारासमोर रेडिओ भोंग्याला जोडला होता आणि रस्त्यापलीकडे तीच टपरी, आमचा कान तुटलेला कप बाजूला ठेवलेली. "कापलं असन तं?" आईनं विचारलं. "मी बी तेच आयकून राहिली, बाई," मावशी म्हणाली. हातातल्या संत्र्याच्या सालीचा तिनं चुरा केला होता. भोंग्यातला तिचा आवाज त्या वाक्यापाशी आला आणि सरळ पुढच्यावर गेला. मावशीनं मान खाली घातली. पण बागेत संत्री तोडताना तिनं हे भाषण बायांना कितीदा तरी म्हणून दाखवलं होतं. मागे बसलेल्या त्या बायांतली एक म्हातारी उठली, टपरीकडे पाहत तिनं ते वाक्य मोठ्यानं म्हटलं, आणि तिच्यामागून साऱ्याजणींनी. टपरीवाल्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. आता मी पत्रकं लिहिते. छापायला देण्याआधी ती बागेत नेते आणि त्याच बायांकडून पाठ करून घेते.