तंबोऱ्याचा तडा आणि अकरा जणांची कमिटी

तंबोऱ्याचा भोपळा मी फोडला नाही, हे मी अकरा माणसांना सांगितलं. एकानेही विश्वास ठेवला नाही. तो किस्सा शेवटी सांगते. आधी बाकीचे ऐका, कारण माधवगंजातल्या आमच्या संगीत मंडळात किस्से शोधावे लागत नाहीत, सतरंजी झटकली की चार खाली पडतात. एकोणीस वर्षं ती मीच झटकते. हॉलची किल्ली माझ्याकडे, चहा माझ्याकडे, आणि चूक कोणाचीही असो, तीही माझ्याकडेच.

*

थंडीत आमच्या सहा बैठका होतात. लहानशाच. एक गाणारा, तबला, पेटी, समोर चाळीस माणसं. त्या चाळिसात कमिटीच अकरा.

यंदाच्या तारखा ठरवायला मीटिंग बसली. पहिली तारीख अध्यक्ष नानासाहेबांच्या भाचीच्या लग्नाने खाल्ली, दुसरी सेक्रेटरी अरुणभाऊंच्या क्रिकेट मॅचने, तिसरी विजयाकाकूंच्या हळदीकुंकवाने. तीन तासांनी एकदाच्या सहा तारखा निघाल्या.

कप गोळा करताना मी विचारलं, "गाणाऱ्यांना विचारलंत का?"

अरुणभाऊ म्हणाले, "शोभाबाई, तुम्ही चहाचं बघा."

सहापैकी चार गाणारे त्या तारखांना दुसरीकडे अडकलेले निघाले. पुढच्या मीटिंगला मी चहाचंच बघितलं.

*

आमचे श्रोते जाणकार आहेत. असं तेच सांगतात.

गेल्या वर्षी इंदूरचा एक तरुण गायक आला होता. बिचारा तासभर जीव तोडून गात होता, समोर सगळे गप्प. तेवढ्यात मी आल्याच्या चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि अख्खा हॉल एका आवाजात म्हणाला, "वाह!"

पोराला वाटलं, दाद त्यालाच. त्याने तीच तान आणखी तीनदा घेतली. मी ट्रे घेऊन दारातच उभी राहिले. म्हटलं, मिळतेय तर मिळू दे.

*

नानासाहेब गाण्याआधी "दोन शब्द" बोलतात. 'आमच्या घराण्याचा वारसा' इथून सुरू होतात आणि कंपू भागातल्या हॉस्पिटलात झालेल्या त्यांच्या ऑपरेशनपर्यंत येतात.

एकदा पाहुण्या गायकांना परतीची गाडी होती. ते तंबोरे जुळवून बसले, पुन्हा जुळवले, घड्याळ बघितलं. नानासाहेबांचे दोन शब्द संपल्यावर त्यांनी थेट भैरवी गायली, नमस्कार केला आणि स्टेशन गाठलं.

नानासाहेब म्हणाले, "आवाज बरा आहे, पण फार त्रोटक गातात."

*

आता तंबोरा. मंडळ काढलं दादासाहेब फणसे यांनी. ते गेले, आणि वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणीत मंडळाने हा तंबोरा घेतला. नारळ मी आणला होता. भोपळ्यावर पितळी पट्टी आहे, 'कै. दादासाहेब फणसे यांच्या स्मरणार्थ'. वर भिंतीवर दादासाहेबांचा फोटो, हार घातलेला.

यंदा सीझनची तयारी म्हणून विजयाकाकूंनी बाड्यावरच्या बाजारातून मेंदी रंगाचं कापड आणलं आणि सगळ्या लोडांना खोळी शिवल्या. कापड उरलं, म्हणून तंबोऱ्यालाही तसलीच, आत कापूस घालून.

मी म्हटलं, "काकू, लोड कुठला आणि तंबोरा कुठला, कळायचं नाही."

"अगं, मॅचिंग म्हणतात त्याला. तुला टेस्टच नाही, शोभा."

*

पुढच्या मीटिंगला तारा तपासायच्या म्हणून अरुणभाऊंनी तंबोरा खोळीसकट कपाटातून काढून, खोळीची दोन बटणं सोडून गादीवर आडवा ठेवला होता. दांडी लोडांच्या मागे, भोपळा पुढे. नानासाहेब आले, बसले, आणि मागे रेलले.

कडकन् आवाज झाला.

"गुडघा वाजला," नानासाहेब म्हणाले. लगेच तिघांनी तीन तेलं सुचवली.

मी म्हटलं, "नानासाहेब, तो तंबोरा आहे."

"म्हणजे अध्यक्षाला लोड ओळखता येत नाही?"

ते आणखी दीड तास तिथेच रेलून होते. उठताना म्हणाले, "हा लोड जरा कडक भरलाय."

*

आठ दिवसांनी खोळ काढली तेव्हा भोपळ्याला वीतभर तडा. अकरा तोंडं माझ्याकडे वळली. "झाडताना हिचा झाडू लागला असेल." त्याच मीटिंगपासून नानासाहेबांचा चष्माही सापडत नव्हता. तोही मीच झाडून टाकला, असं ठरलं.

मी काय बघितलं ते सांगितलं. अरुणभाऊ म्हणाले, "मोठ्या माणसांवर असं ढकलू नये, शोभाबाई," आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. एकोणीस वर्षं कमरेला होती. त्या दिवशी घरी जाताना चारदा कमरेला हात गेला. सीझन झाला की दुसरी बाई बघायची, हेही माझ्यासमोरच बोलून झालं.

चष्म्याशिवाय नानासाहेबांनी त्या आठवड्यात तालमीला आलेल्या तबलजीला गायिकेचा भाऊ समजून तिच्या लग्नाची चौकशी केली. ते मात्र माझ्या नावावर पडलं नाही.

*

पहिल्या बैठकीला पंधरा दिवस उरले तेव्हा गावातल्याच हजीऱ्याहून रईसभाई आले, वाद्यं दुरुस्त करणारे. सगळी कमिटी जमली. रईसभाईंनी तड्यावरून बोट फिरवलं.

"झाड़ू से ऐसा नहीं टूटता. इस पे तो कोई पूरा वज़न देके टिका है."

मग त्यांनी खोळ उलटी करून झटकली. आतल्या कापसात अडकलेला नानासाहेबांचा चष्मा खाली पडला.

विजयाकाकू म्हणाल्या, "चला, चष्मा तरी मिळाला."

अरुणभाऊंसमोर मिनिट्सचं रजिस्टर उघडं होतं. मागच्या मीटिंगची ओळ त्यात होती, 'तंबोऱ्यास तडा. जबाबदार : शोभाबाई.' त्यांनी माझं नाव खोडलं, किल्ली माझ्यापुढे सरकवली आणि पेन तसंच धरून बसले.

"जागा रिकामी ठेवता येत नाही," ते हळूच म्हणाले. "पुढच्या मीटिंगला वाचून दाखवावं लागतं."

नानासाहेबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खोलीभर बघितलं. विजयाकाकूंकडे, अरुणभाऊंकडे, लोडांकडे. नजर भोपळ्यावरच्या पितळी पट्टीवर येऊन थांबली.

"लिहा," ते म्हणाले. "कै. दादासाहेब फणसे."