मेलमधल्या बाई

घरबसल्या काम देणाऱ्या मेलांचा मला पहिल्यापासून राग. सकाळी फोन हातात घ्यावा तर दोन-तीन येऊन बसलेल्याच. घरी बसा, टाइप करा, कमवा. अरे, घरबसल्या काम म्हणजे काय ते तुम्ही मला शिकवणार? उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वर्षानुवर्षं मी जीन्सचे धागे कापलेत. कारखान्यातून शिवलेल्या पँटींचं गाठोडं घरी यायचं. छोट्या कात्रीने लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची, संध्याकाळी गाठोडं परत. बोटांना चढलेला निळा रंग भाकरी थापतानाही उतरायचा नाही, आणि सासूबाई परातीतल्या पिठाकडे संशयाने बघत राहायच्या.

त्या कामाला ना अर्ज होता ना करार. नवी बाई काम मागायला आली की शेठ तिच्याकडे बघायचाच नाही, तिच्यासोबत आलेल्या जुन्या बाईकडे बघायचा. जुनीने म्हणायचं, "माझ्यावर दे." झालं, मिळालं काम. माल फाटला, हरवला तर जुनीच्या गळ्यात. मी कितीजणींसाठी म्हटलं असेन, "माझ्यावर दे." एकीनेही मला तोंडघशी पाडलं नाही. आता मी अंबरनाथ पूर्वेला, पालेगावात राहते. भाताची शेतं होती तिथे बिल्डिंगा उठल्यात, त्यातल्या एका बिल्डिंगमध्ये. कात्री केव्हाच सुटली, पण कॅम्पातल्या चार-पाच जणी इथेच आल्यात आणि नव्या बायकांना त्यांनी माझी कीर्ती सांगून ठेवलीय. शब्दाची पक्की बाई म्हणून.

तर एका दुपारी वरच्या मजल्यावरची मुलगी दारात आली. मुलगी म्हणजे एका लेकराची आई, साताऱ्याकडची, नवरा एमआयडीसीत पाळीवर जातो. आत ये म्हटलं तर येईना.

"काकू, तुमच्या कंपनीला सांगा ना, केस करू नका म्हणावं. मी मुद्दाम नाही हो चुकवलं."

"माझी कंपनी? अगं, माझी भिशीसुद्धा दुसरीच्या नावावर आहे."

तिला हसू आलं नाही, रडू आलं. बसवलं, पाणी दिलं, तेव्हा हळूहळू बाहेर आलं. मेल आली होती, टायपिंगचं काम. बाळ झोपलं की ही टाइप करत बसायची. सगळं पाठवल्यावर ते म्हणाले, चुका जास्त आहेत, तुम्ही करार मोडला. आता कोणी वकील रोज फोन करतो. दंड भरा, नाहीतर नोटीस येईल, पोलीस येतील, नवऱ्याच्या कंपनीत कळवू. आधार कार्ड, पासबुक, सगळ्यांचे फोटो हिने आधीच पाठवलेले. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. बाळाला घेऊन कुठेतरी निघून जावंसं वाटतं, असं ती म्हणाली, आणि ते 'कुठेतरी' ऐकून मी तिचा हात घट्ट धरला.

"शिकलेली ना गं तू? असल्या मेलला भुललीस कशी?"

"मेलला कुठे भुलले, काकू? तुमचा फोटो होता ना त्यात. म्हटलं, काकू आहेत म्हणजे काम खरंच असणार."

तिने फोन पुढे केला. त्यात मी होते. रेशमी साडी, नाकात नथ, तोंडभर हसू, आणि पुढ्यात लॅपटॉप. आजवर मी लॅपटॉपवरची धूळ पुसलीय, बाकी काही नाही. पण त्या बाईचा चेहरा त्याच्या उजेडात काय उजळला होता! खाली लिहिलं होतं, मीही तुमच्यासारखीच गृहिणी, माझ्या शब्दावर काम सुरू करा.

ती गेल्यावर मी माझ्या फोनमधला स्पॅमचा कचरा उपसला. तीच मेल माझ्याकडेही येऊन पडली होती, न उघडलेली. म्हणजे मलाच मी नोकरी देऊ करत होते. मी उत्तर पाठवलं, या फोटोतल्या बाई कोण? तासाभरात जवाब हजर. या आमच्या सीनियर टीम लीडर, सध्या ट्रेनिंग घेण्यात बिझी आहेत. मी त्या वेळी दोडके चिरत होते.

माझा फोटो कोणाकडे असणार? पहिला संशय गेला शेठवर. शंभर जणांचे नंबर, दहा धंदे, मुलगा दिवसभर कम्प्युटरवर. दुसऱ्या दिवशी तरातरा कॅम्प चार गाठला आणि दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर शेठची हजेरी घेतली. शेठ आता थकलेत. सगळं ऐकून घेतलं, फोन डोळ्यांपाशी नेला.

"अदी," ते म्हणाले. सिंधी लोक बहिणीला अदी म्हणतात, ते मला पहिल्यापासून तेच म्हणत आलेत. "तेरी जबान पे मैंने बिना लिखे माल दिया है. मैं तेरा फोटो बेचूँगा? और ये साडी में तू मेरे पास कब आयी?"

खरंच की. धागे कापायला मी कधी रेशमी नेसून गेले? ही जांभळी साडी गेल्या दिवाळीतली. एकदाच नेसले होते, भाऊबीजेला, बदलापूरला सोनिवलीत, धाकट्या भावाच्या नव्या घरी. शेठनी चहा मागवला. मी कप हातात घेतला आणि फोटोकडे बघत राहिले, तो चहा काही प्यायला गेला नाही.

कारण मग सगळंच दिसायला लागलं. फोटो खालून काढलेला होता. मी उभी, किंचित वाकलेली, फोटो काढणारा जमिनीवर. चेहऱ्यावरचा उजेड लॅपटॉपचा नव्हताच, निरांजनाचा होता. माझ्या हातातलं ताट कापून तिथे लॅपटॉप चिकटवला होता. ओवाळणारीचा चेहरा असा खालून, असा समोरून, एकालाच दिसतो. जो पाटावर बसलेला असतो त्याला.

मला आठवलंही. "ताई, थांब थांब, हसतेयस तशीच राहा," असं म्हणून त्यानेच पाटावरून फोन उचलला होता. मी म्हटलं होतं, अरे डोकं हलवू नकोस, कुंकू विस्कटेल.

तिथूनच रिक्षा करून सोनिवलीला गेले. भाऊ घरीच होता. तो 'डिजिटल मार्केटिंग' करतो, एवढंच मला ठाऊक होतं, आणि ते मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे. मी फोन त्याच्यापुढे धरला. भावजय चहा घेऊन येत होती. तिची नजर फोटोवर पडली आणि ती ट्रे घेऊन तशीच स्वयंपाकघरात परत गेली. तिलाही ठाऊक होतं.

"अगं ताई, फोटोच तर आहे," तो म्हणाला. "मॉडेलचे फोटो लोकांना खोटे वाटतात. तुझा चेहरा बघून विश्वास बसतो. कॉम्प्लिमेंट समज ना."

"माझ्या बिल्डिंगमधली पोर जिवाचं बरंवाईट करायला निघालीय."

"मी फक्त मेल पाठवतो. पुढे पार्टी काय करते, माझा काय संबंध? कॉल वगैरे सगळे तिकडून होतात."

"मग तिला एवढं सांग की वकील खोटा आहे. आत्ता, माझ्यासमोर फोन लाव."

त्याने स्वतःचा फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "माझा नंबर जाईल ना तिच्याकडे. उद्या काही झालं तर मी अडकेन."

मला मोठ्याने ओरडायचं होतं. हा पोरगा पँटींच्या गाठोड्यांवर झोपून वाढला. आई गेल्यावर मी याला सासरी आणलं, मांडीवर घेऊन धागे कापलेत. 'माझ्यावर दे' या शब्दांची किंमत शेठला जेवढी ठाऊक तेवढीच यालाही, आणि नेमकी तीच त्याने विकली. परक्याने फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. याला कुठली शिवी देऊ? जी देईन ती आमच्याच आईला लागायची.

उठले तशी तो दारापर्यंत आला. "ताई, जेवून जा ना," म्हणाला.

घरी आले ती सरळ वरच्या मजल्यावर गेले. म्हटलं, वकील खोटा, करार खोटा, नोटीस खोटी. आता फोन आला तर उचलायचा नाही. आधी नवऱ्याला सांग, मी शेजारी बसते, मग आपण पोलिसांत जाऊ. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि मग तिने विचारलंच, "पण काकू, तुम्हाला कसं कळलं?"

मी सांगितलं. तिने बाळाच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"जाऊ द्या, काकू. नका जाऊ पोलिसांत. शेवटी भाऊ आहे तुमचा."

"तू माझ्यावर काम घेतलं होतंस ना?" मी म्हटलं. "मग आता माझ्यावर चल."

पोलीस ठाण्यात ती, तिचा नवरा आणि मी, तिघं बाकावर बसलो. तिचं सगळं लिहून झाल्यावर साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. तरुण होते, बोलणं अदबीचं होतं.

"हा फोटो तुमच्या भावानेच काढला, हे तुम्ही एवढं खात्रीने कसं सांगता, मावशी? त्या वेळी तुम्ही काय करत होतात?"

"मी त्याला ओवाळत होते," मी म्हटलं.

त्यांचं पेन थांबलं. मग मी म्हटलं तसंच त्यांनी लिहून घेतलं.