उजव्या डोळ्याची पट्टी

डोळ्यांच्या दवाखान्यात काही वर्षं काढली की किस्से माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतात. टाकवत तर एकही नाही. पाहुणे आले आणि चहा झाला की मी एकेक काढते. घरचे उठून जातात, पण तुम्ही बसा.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी नगरला एका लहानशा डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर एक, मी एक आणि भिंतीवर एक तक्ता. तक्त्यावर तीन पायांची चिन्हं, खाली खाली बारीक होत जाणारी. पाय कुठं आहेत, वर, खाली, उजवीकडे की डावीकडे, एवढंच बोटानं दाखवायचं. न शिकलेल्यालाही जमायचं. घोळ घालायचे ते शिकलेलेच.

नेवाशाकडचे एक गुरुजी मुलाला घेऊन आले. मी पोराचा चांगला डोळा झाकला, तर पोरानं धडाधड खालच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर सांगितलं. मला शंका आली. मी तक्ता उलटा टांगला, तरी पोराचं तेच! सगळ्यात बारीक चिन्हं आता वर आली आहेत याचा त्याला पत्ताच नव्हता. आदल्या खेपेला गुरुजींनी तक्ता वहीत उतरवून नेला होता आणि घरी पाठ करून घेतला होता.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, हे अभ्यासक्रमाबाहेरचं झालं."

*

अकोले तालुक्यातल्या डोंगराकडून एक बाई लेकाला घेऊन आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्यात दोष काही नाही, पण डोळा आळशी झालाय, त्यानं काम सोडलंय.

बाईनं कोपऱ्यात बसलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "मंग बरोबर हाय. बापावरच गेलाय."

*

आता सुलीचं सांगते. पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली पाच वर्षांची पोर. खळ्यात खेळताना तिच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा सुजून मिटला आणि पोर गोठ्याच्या खांबावर आदळली. तिचे आजोबा, आबा, तिला घेऊन एस.टी.नं आले. म्हणाले, "बाई, कुसळ गेलं एका डोळ्यात आन् दिसंना दोन्हीला."

कुसळ मी काढलं. डावा डोळा आळशी निघाला. दिसायला टपोरा, छान, म्हणून पाच वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं, "डोळा नुसता उघडा असून भागत नाही, बघायला मेंदूला शिकावं लागतं, तेही लहानपणीच. उजव्याचं स्पष्ट येतं, म्हणून मेंदू डाव्याचं ऐकतच नाही. सात-आठ वर्षांची झाली की मग काही उपयोग नाही. चष्मा घाला, आणि उजवा डोळा रोज पट्टीनं झाका."

आबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "खोंड जून झाल्यावर औताला लागत न्हाई. आन् जोडीतला एकच वढत असला तर त्याला सोडायचा, म्हंजी दुसरा वढतो. व्हय ना?"

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून समजवायचं काम यांना द्या."

*

महिन्यानं दोघं आली आणि मी कपाळावर हात मारला. पट्टी डाव्या डोळ्यावर! आबा महिनाभर बाजाराला आणि मळ्यात काय गुंतले, तेवढ्यात घरच्या बायकांनी फिरवली होती. म्हणे, धडक्या पायाला कुणी फडकं बांधतं का?

मी तोंडाची चांगलीच फटकळ आहे. मी आबांना उभं-आडवं घेतलं. "आधीच वर्षं थोडी, त्यातला महिना गेला. पोरीचा डोळा जाईल, मग बसा बायकांना नावं ठेवत."

 आबांचं तोंड एवढंसं झालं. मला नंतर वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

*

पुढच्या खेपेला दोघं आली ती दोघांच्याही उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून. सुली उंबऱ्याला ठेचकाळली. आबा मात्र सरळ आले आणि बाकावर बसले.

"तुम्हाला काय झालं आबा?"

"पोर पट्टी काडून टाकायची. मंग मी पैज लावली. दोघांनी बांधायची, जो आदी काडील त्यो हरला."

पारनेरच्या बाजारात लोक हसतात म्हणे. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. त्या वयात अर्धं जग झाकून हिंडायचं, सोपं आहे का? मी त्यांना माझ्यातला अर्धा चहा दिला.

*

असं वर्षभर चाललं. घरी सुली डाव्या डोळ्यानं मण्यात दोरा ओवायची, डाळीतले खडे काढायची. शेवटच्या तपासणीला मी तिचा उजवा डोळा झाकला. तिनं खालच्या ओळीपर्यंत सांगितलं. गुरुजी आठवले, म्हणून मी तक्ता उलटा टांगला. तरी तिनं सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर पुन्हा पुन्हा "वा" म्हणत होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, लपवायचं कशाला.

"आबा, जिंकलात. सोडा आता पट्टी," डॉक्टर म्हणाले. "आणि बसा, तुमचेही डोळे बघून टाकू."

आबा नको नको म्हणत होते. मी त्यांना खुर्चीत बसवून डावा डोळा झाकला. उजवा चांगला टपोरा, स्वच्छ.

"पाय कुठं?"

"कशाचं पाय?"

"तक्त्यावरचे."

"तक्ता कुठाय?"

डॉक्टर पुढे आले. "कधीपासून दिसत नाही?"

"समजतंय तवापासनं," आबा म्हणाले. "माझ्या टायमाला कुनी बांदली न्हाई."

मी सुलीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"व्हय. त्यांना कंदीच ठेच लागत नव्हती."

"मग सांगितलं का नाहीस? तुलाही पट्टी काढता आली असती."

सुलीनं चष्मा नीट केला.

"आबा हरले असते."