ताईच्या अकरा कळ्या

मोबाइलवर दुर्गापुऱ्याचा, ताईच्या घरचा नंबर उमटला, तेव्हा फोन उचलण्याआधी मी सबब तयार केली. ‘ताई, साचा रविवारी नक्की देतो.’ जयपूरच्या सी-स्कीममधल्या ऑफिसात डबा खात बसलो होतो. तोंडात घास होता, तोही सबबीला उपयोगी पडेल असं वाटलं. पण पलीकडे भावोजी होते. “नंदू, ती गेली रे... चहा ठेवायला उठली आणि...” मी घास डब्याच्या झाकणात काढून ठेवला. सहा आठवडे होतील त्याला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मनात पहिलं आलं ते हेच, की आता साच्याचं कुणी विचारणार नाही.

भावोजी रेल्वेत, बदलीने जयपूरला आले. पाठोपाठ नोकरीच्या निमित्ताने मीही. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे गणपतीला ताईच्या हातचे उकडीचे मोदक, आणि प्रत्येकाला मोजून एकवीस कळ्या. शेजारच्या भाभीजी त्या बोटाने मोजायच्या आणि मगच खायच्या. मग ताईला झटका आला. बोलणं महिन्याभरात परतलं, उजव्या हाताची बोटं मात्र परतली नाहीत. त्या गणपतीत पारी हातात घेतली की कळ्या पडण्याऐवजी ती फाटायची. शेवटी सगळ्या उकडीचा एक गोळा करून ती म्हणाली, “यंदा बाप्पा भाकरी खाईल.” आम्ही हसलो. नारळ ठेवायला आत गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती... मी नारळ तसाच हातात घेऊन परत आलो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटांना काम द्या. ताईने काम शोधलं ते सांगानेरला. कापडावर छपाई करायचे लाकडी ठसे कोरणारे एक उस्तादजी शनिवारी दुपारी शिकवायचे. “बोटं ऐकत नाहीत ना, मग मी लाकडाचा साचा करते. कळ्या त्यातच पडतील.” स्कूटरवरून पोचवायला मी, आणि बसून काय करायचं म्हणून माझंही नाव घातलं. शाळेत चित्रकलेच्या सरांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं, हे उस्तादजींना कुणी सांगितलं नव्हतं. महिनाभर त्यांनी आम्हांला नुसतं दगडावर लाकूड घासायला लावलं. मी कुरकुरलो तर म्हणाले, “बाबूजी, लकड़ी कहीं भागी नहीं जा रही.” ताईच्या मुठीत पटाशी ठरेना, तर त्यांनी पटाशीच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड केला. लाकूडकामाच्या क्लासचा फायदा काय, असं कुणी विचारलं तर मी एक फोन सांगेन. चौथ्या महिन्यात सकाळीच आला होता. “नंदू, आज ब्लाउजचे हूक माझे मी लावले. कुणाला सांगू नकोस.” आज सगळ्यांना सांगतोय, ताई.

ठशात नक्षी वर ठेवायची आणि भोवतालचं लाकूड काढायचं. तेच हातात बसलेलं. त्याच सवयीने ताईने मोदक कोरला, एकवीस कळ्यांचा, देखणा... आणि टपोरा वर आलेला! शेजारी बसून मी वाहवा करत होतो. उस्तादजींनी मोदक कधी पाहिलेला नव्हता. “क्या लहसुन बनाया है, बहनजी!” लसणीवरून हात फिरवताना ताई एकदम थांबली. “अरे गधड्या, यात सारण भरायचं कुठे?” त्या दिवशी ती इतकी हसली, की उस्तादजींनी घाबरून पाणी आणवलं.

मग तिने खोलगट साचा धरला, दोन अर्धुकांचा. एक अर्धुक कोरून, मोहरीच्या तेलात मुरवून तयार केलं आणि दुसरा कोरा ठोकळा माझ्या हातात ठेवला. “अकरा कळ्या माझ्या, दहा तुझ्या. आळशाला एक कमी.” मी तो ऑफिसच्या खणात ठेवला. नंतर माझे शनिवारही चुकायला लागले. “कुठवर आलाय?” असं ती विचारायची आणि मी म्हणायचो, “होतच आलाय.” त्या लाकडाला पटाशी लागली नव्हती. ताईला ते ठाऊक असणार. तरी दर वेळी विचारायची...

आता पुन्हा शनिवारी सांगानेरला जातो. दगडावर लाकूड घासतो. उस्तादजी पटाशीला धार लावून शेजारी ठेवतात.

परवा संकष्टीला मावा घेऊन दुर्गापुऱ्याला गेलो. भावोजींनी फडताळातून ताईचं अर्धुक काढलं. मोहरीच्या तेलाचा वास अजून होता. दुसरी बाजू नव्हतीच, म्हणून मी मावा आत भरून अंगठ्याने दाबला. मोदक निघाला. एका बाजूला अकरा कळ्या टोकापर्यंत रेखीव, दुसऱ्या बाजूला सपाट, माझा अंगठा. भावोजींनी ताटली देवापुढे ठेवली, हात जोडले आणि मग हळूच मोदक फिरवला. अंगठा देवाकडे, कळ्या आमच्याकडे. आरती होईपर्यंत ते कळ्याच मोजत होते.