ऑर्विलने विसरलेल्या बिजागऱ्या

म्हातारा कुलूपवाला ऑर्विल स्टट्झमन कामावर आला तो हत्यारांची पेटी गाडीतच ठेवून. दुकानासमोर त्याने घडीची खुर्ची मांडली, मांडीवर थर्मास घेतला आणि बसून राहिला. दुपारी खुर्ची उचलून मागच्या गल्लीत नेली आणि तिथेही बसला. दुकानाची मालकीण मार्लीन झ्विक दोनदा बाहेर येऊन विचारून गेली, "ऑर्विल, काम कधी सुरू करणार तुम्ही?" दोन्ही वेळा म्हातारा म्हणाला, "चाललंय की."

मार्लीन वाद्यं दुरुस्त करायची. एल्डन गावच्या शाळेचा बँड सगळ्या ओहायोत नावाजलेला, आणि जूनमध्ये शाळा सुटली की बँडची एकशे चाळीस वाद्यं उन्हाळाभर तिच्याकडे असायची. गेल्या जूनमध्ये चोरांनी मागचं दार उचकटलं आणि अकरा ट्रम्पेट नेले. या वर्षी शाळेच्या मंडळाने पत्र धाडलं होतं की आता एक बासरी जरी गेली, तरी काम दुसऱ्या गावाला जाईल. शाळेचं काम गेलं तर तीस वर्षांचं दुकान मोडून बहिणीच्या दारात जाऊन राहण्यावाचून मार्लीनला गत्यंतर नव्हतं.

तिने घाबरून आधी चार कॅमेरे लावून घेतले होते. ऑर्विलने ते मान वर करून पाहिले. "छान आहेत," तो म्हणाला. "चोरी झाली की तुला पुन्हा पुन्हा बघता येईल."

संध्याकाळी त्याने वहीचं पान फाडून तिच्या हातात दिलं. मार्लीनला वाटलं होतं, महागड्या कुलपांची यादी असेल. पानावर तिचीच दिनचर्या होती. ती सकाळी मागच्या दारात ट्रॉम्बोनची पेटी अडकवून दार सताड उघडं ठेवते, आणि दुपारी सव्वा तासभर ते कुणाच्याच नजरेत नसतं. भिंतीला लाकडी खोकी रचली आहेत, त्यांवरून कुणीही छपरावर चढेल. खिडकीपुढची झुडपं माणूसभर वाढली आहेत, मागे तंबू ठोकून राहिलं तरी रस्त्यावरून दिसणार नाही. दारावरचा दिवा गेला आहे. आणि शेवटी एक प्रश्न होता: किल्ल्या कुणाकुणाकडे?

"तिघांकडे," मार्लीन म्हणाली. मग आठवून आठवून ती नऊवर पोचली, आणि नववा माणूस दोन वर्षांपूर्वी वारला होता.

"कुलूप मी बदलतो," ऑर्विल म्हणाला. "नवी किल्ली मिळणार नाही, हे मात्र त्यांना तू सांगायचंस. ते काम माझ्याच्याने होणार नाही."

ते काम खरोखरच अवघड निघालं. किल्ली मिळाली नाही म्हणून बेकरीवाली डॉटी चार दिवस तिच्याशी बोलली नाही.

यादी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी हत्यारं बाहेर आली. आधी मागच्या दारावर नवा दिवा लागला. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत शिरते, ती पट्टी त्याने काढली आणि तिचे स्क्रू मार्लीनच्या तळहातावर ठेवले. नखाएवढे होते ते. चोरीनंतर दुरुस्त केलेलं एवढं जड पोलादी दार वर्षभर या चार स्क्रूंच्या जिवावर बंद राहत होतं. त्याने बोटभर लांबीचे स्क्रू थेट चौकटीमागच्या तुळईत उतरवले, आणि दाराच्या फटीत पहार शिरू नये म्हणून बाहेरून पोलादाची पट्टी ठोकली. पन्नास वर्षं हेच काम केलेला तो हात. स्क्रू शेवटचा वेढा घेताना म्हातारा डोळे मिटायचा, आणि मार्लीन हातातली क्लॅरिनेट विसरून बघत राहायची. ती वाद्यातली हवेची गळती कानाने ओळखायची. हा माणूस लाकडाचं ऐकत होता.

बिजागऱ्या मात्र त्याने पक्क्या केल्याच नाहीत. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे तिन्ही बिजागऱ्या गल्लीच्या बाजूला. वरून हातोडी मारली तर आतली सळई निसटून पडेल आणि दार बिजागरीकडून उचलून घेता येईल, हे मार्लीनलासुद्धा कळत होतं. शिवाय त्याने चौकटीकडच्या बाजूला प्रत्येक बिजागरीत एक बिनडोक्याचा खिळा अर्धा बाहेर ठेवला होता.

"ऑर्विल, बिजागऱ्या?" तिने विचारलं.

"असू दे त्या."

"आणि हे खिळे वर आलेत."

"असू दे म्हटलं ना."

मार्लीनच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुसऱ्या दिवशी रूथच्या हॉटेलात कॉफीच्या कपावर तिने सगळं सांगून टाकलं. "म्हातारा बिजागऱ्याच विसरला हो. खिळेसुद्धा धड बसवले नाहीत. आणि ऐकून घेत नाही."

"वय झालं त्याचं," रूथ म्हणाली.

झालं. आठवडाभरात हे वाक्य गावभर झालं. चर्चने दारांचं काम शेजारगावच्या कुलूपवाल्याला दिलं. पोस्टासमोर कुणीतरी ऑर्विललाच विचारलं, "काय हो, आज घराची किल्ली आठवणीने घेतलीत ना?" ऑर्विलने खिसा चाचपून दाखवला आणि पुढे गेला. मार्लीनला वाईट वाटलं, पण भीती जास्त होती. तिसऱ्या आठवड्यात तिनेही दुसऱ्या कुलूपवाल्याला पुढच्या सोमवारी यायला सांगून ठेवलं.

त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी ती मागच्या गल्लीत आली आणि जागीच थांबली.

बिजागऱ्यांच्या तिन्ही सळया फरशीवर पडल्या होत्या. शेजारी वाकलेली पहार होती. बिजागऱ्यांचा रंग खरवडून निघाला होता, दाराच्या कडेला दहा ठिकाणी पोचे होते. आणि दार उभं होतं. ज्याच्या आधारावर दार उभं राहतं ते सगळं जमिनीवर होतं आणि दार उभं होतं. मार्लीनने तळवा टेकवला. जराही हललं नाही.

पुढच्या दाराने आत जाऊन तिने वाद्यं मोजली. एकशे चाळीस. मग ऑर्विलला फोन केला. तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "आतून उघडू नकोस, अंगावर येईल."

तो आला, गुडघा धरत खाली बसला आणि बघू लागला. "दोघं होते. कुलपाकडे फिरकलेसुद्धा नाहीत, सरळ इकडे आले. बराच वेळ घालवला बिचाऱ्यांनी."

"पण पडलं का नाही ते?"

त्याने खिशातून तसाच खिळा बसवलेली एक जुनी बिजागरी काढून मिटून दाखवली. दार लागलं की चौकटीकडचा खिळा समोरच्या पात्यातल्या भोकात शिरत होता. सळई असो नसो, दार चौकटीत अडकलेलं. एवढंच होतं ते. तीन खिळे होते.

"मला सांगायचं होतंत तरी!"

"तुला?" ऑर्विल हसला. "अगं, चोर येणारच होते. गेल्या वर्षी इथे सोपं गेलं होतं त्यांना. ते कुठे हात घालतील, एवढंच मला ठरवायचं होतं. कुलपाशी झगडले असते तर कधीतरी एखादी फट सापडली असती. बिजागरी कच्ची राहिलीय असं कानावर गेलं, तर दिव्याखाली तिथेच घाम गाळतील." तो सळई उचलून पुसू लागला. "ते त्यांच्या कानावर घालायला गावात तुझ्याइतकं खात्रीचं माणूस नव्हतं."

मार्लीनला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग उरलं ते काय होतं याला तिच्याकडे नाव नव्हतं. "तीन आठवडे सगळं गाव तुम्हाला हसत होतं," ती म्हणाली. "चर्चचं काम गेलं तुमचं. मी स्वतः सोमवारी दुसऱ्याला बोलावलंय."

"ये म्हणावं त्याला. बघू दे. माझ्या नजरेतून काही सुटलं असेल तर त्याला दिसेल."

"तुम्ही एका शब्दाने तरी बोलायचं होतं."

"बोललो असतो तर ते कुलपाकडे गेले असते," तो म्हणाला, आणि तिला दार आतून खांद्याने दाबून धरायला सांगितलं.

ती आत जाऊन दाराला टेकली. पलीकडून हातोडीचे हलके ठोके येत होते. पन्नास वर्षांत कमावलेलं नाव या माणसाने तिच्या एकशे चाळीस वाद्यांपायी गहाण टाकलं होतं, आणि रूथकडे कॉफी पीत ते धुळीला मिळवलं होतं तिने स्वतः. तिला रडू फुटलं. तिने आवाज होऊ दिला नाही, आणि तिसरी सळई बसेपर्यंत दार घट्ट दाबून धरलं.