छबूबाईंची साखर

मला मुंग्यांची किळस आहे आणि ती मी लपवत नाही. साप परवडला, तो निदान एकटा येतो. मुंग्या रांगेनं येतात, आणि भाकरीवर, ओल्या टॉवेलवर, दात घासायच्या ब्रशवर आपलाच हक्क असल्यासारख्या चढतात. माळेगाव बुद्रुकला छबूबाईंच्या घरातली पुढची खोली मी भाड्यानं घेतली, तेव्हा त्यांनी पाण्याचं सांगितलं, विजेचं सांगितलं, मुंग्यांचं काही सांगितलं नाही. सांगतील कशा? त्या मुंग्या त्यांनीच पोसल्या होत्या.

छबूबाई सत्तरीच्या, अंगानं काटक आणि मनानं फार चांगल्या. मला ताप आला तर रात्र जागून काढतील. नवरा कधीच गेलेला. मुलगा ज्ञानेश साखर कारखान्यात हंगामी कामगार, म्हणजे गाळप संपलं की घरी. तो कायम व्हावा एवढंच त्यांचं देवाकडे मागणं. कुणा ज्योतिष्यानं सांगितलं होतं, रोज सकाळी मुंग्यांना साखर घाला, खंड पडू देऊ नका. आधी त्या देवळामागच्या झाडाखाली जाऊन घालायच्या. गुडघे धरले तसं देऊळ लांब पडलं, आणि साखर मागच्या दाराच्या पायरीवर आली. पुण्य तेवढंच, चालणं कमी. मुंग्यांचंही चालणं कमी झालं.

पायरीवरून त्या घरात शिरल्या. कणकेत मुंग्या, तेलात मेलेल्या मुंग्या, उशीच्या शिवणीत मुंग्या. एकदा मी चहाचा घोट घेतला आणि जिभेवर काहीतरी वळवळलं. तो चहा मी मोरीत ओतला आणि दिवसभर थुंकत राहिले. राग याचा, की या घरात माणसांच्या चहाला चिमूटभर साखर आणि मुंग्यांना मूठभर.

खरा जीव जात होता तो सुनेचा. राजेश्वरी तिचं नाव, इंदापूरकडची, अबोल. तिची छकुली तेव्हा चार महिन्यांची. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात दूध सुकलं की मुंग्या पाळण्याच्या दोरीवरून खाली उतरायच्या. औषध फवारणारा माणूस बोलवायची ऐपत नव्हती. मग हळद टाकून झाली, हिंगाचं पाणी शिंपडून झालं, खडूच्या रेघा ओढून झाल्या, दोरीला एरंडेल चोळून झालं. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी रांग हजर.

"आत्या, पायरीवर साखर नका घालू," ती सासूला म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणते. "पोरीला चावत्यात."

"ज्ञानेश कायम झाला की बंद करते की," छबूबाई म्हणाल्या. "एवढी वर्सं घातली, आता मधीच सोडू व्हय? खंड पडला आन त्याचं काय झालं म्हंजे?"

ज्ञानेशनं चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. आईचा विषय निघाला की तो नेहमीच असा निघून जातो. मला तेव्हा त्याचाही राग आला.

एका सकाळी छकुलीचा डोळा उघडेना. पापणी सुजून टम्म झालेली, आणि पापण्यांच्या केसांत लाल मुंग्या अडकलेल्या. राजेश्वरीनं ओल्या फडक्यानं एकेक मुंगी टिपली, पोरीला दवाखान्यात दाखवून आणलं. मग माहेरी आईला फोन करून उपाय विचारला, आणि दुपारी बारामतीला जाऊन काष्ठौषधींच्या दुकानातून टाकणखाराची पुडी घेऊन आली. स्वस्तातली गोष्ट. साखरेच्या पाण्यात थोडा कालवायचा, मुंग्या तो खातात, वारुळात नेतात आणि आतल्या आत मरतात.

दुसऱ्या दिवशी सासूच्या आधी ती पायरीवर बसली आणि बाटलीच्या झाकणात ते पाणी ठेवलं. मुंग्या अशा तुटून पडल्या की झाकण दिसेनासं झालं. छबूबाई दारात आल्या.

"आज तू घातलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "बरं केलंस बाय. नवऱ्यासाठी केलंस." आणि त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. राजेश्वरीनं मान वर केली नाही.

आठवड्यात घर साफ झालं. छकुली झोपू लागली, मी चहा पिऊ लागले. छबूबाई मात्र रोज पायरीवर साखर घालायच्या, आणि ती तिथंच पडून राहायची. ऊन चढलं की चिकट व्हायची, माशा बसायच्या. त्यांनी चहा सोडला. मग जेवण अर्ध्यावर आणलं. एक दिवस सुनेला विचारलं, "माझ्या हातची का खाईनात गं? तुझ्या हातची खात हुत्या की. माझ्या पोराचं काय वंगाळ व्हायचं हाय का?"

मला वाटलं होतं, आता ही सगळं सांगून टाकेल. सांगायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं. तिनं सासूचं अर्धं टाकलेलं ताट उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या सकाळी मी नळावर होते. राजेश्वरी उसाच्या बांधावरून येत होती. उघड्या तळहातावर गुळाचा खडा, आणि त्यावर मुंग्याच मुंग्या, मनगटापर्यंत चढलेल्या. मी बादली तशीच सोडून मागे सरले. तिनं तो खडा परसाच्या पार टोकाला, कुंपणापाशी ठेवला, हात झटकला आणि सासूला आधार देत तिथवर आणलं.

"हितं घाला, आत्या. पायरी सोडली त्यांनी. आता हितं ऱ्हात्यात."

छबूबाईंनी साखर सोडली. काही वेळ काहीच झालं नाही. मग एक मुंगी गुळावरून खाली उतरली, तिच्यामागून दुसरी.

"खात्यात गं," छबूबाई म्हणाल्या आणि तिथंच मातीत बसून रडल्या. "उद्या बी आणशील न्हवं मला हितं?"

"आणीन की," राजेश्वरी म्हणाली. तिच्या मनगटावर लाल गांधी उठल्या होत्या, आणि सासूला दिसू नयेत म्हणून तो हात तिनं ओढणीखाली धरला होता.